मुंबईत गच्चीवर सोलर बसवताय? मग पॅनेलच्या खालचं काम आधी समजून घ्या

सोलरचं कोटेशन मागवलं की समोरचा माणूस पहिले पॅनेलबद्दलच बोलतो, किती वॅटचं, कुठल्या कंपनीचं, टॉपकॉन का मोनो पर्क, वॉरंटी पंचवीस वर्षं, आणि आपणही तेच विचारत बसतो. मुंबईपुरतं सांगायचं तर पॅनेल ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे, कारण चांगल्या कंपनीचं पॅनेल खारी हवा आणि पाऊस दोन्ही सहन करतं. इथे सिस्टिम मरते ती स्ट्रक्चर गंजून, कनेक्टरमध्ये पाणी शिरून, अर्थिंग नावापुरतं केल्यामुळे, आणि भोकं पाडलेली गच्ची गळायला लागल्यावर घरच्यांनीच वैतागून काढायला लावल्यामुळे. म्हणून या लेखात पॅनेलवर थोडं आणि त्याच्या खाली, मागे, भिंतीवर, जमिनीत जे जातं त्यावर जास्त लिहिलंय.

उदाहरण म्हणून ३ किलोवॅटची सिंगल फेज ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, सिस्टिम धरतो. स्वतःची गच्ची असलेलं घर, म्हणजे चारकोप-गोराईची रो हाउस, मुलुंड-ठाण्याकडचे बंगले, गावठाणातली आणि उत्तन-वसईकडची घरं, यांना साधारण एवढीच लागते. सोसायटीवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे मध्ये मध्ये सांगितलंय. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, वायरिंगचं काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, त्याच्या सहीशिवाय नेट मीटरचं, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचं, काम पुढे सरकत नाही आणि हे घरातलं २३० व्होल्टचं काम नाहीये, पॅनेलमधून येणारा डीसीचा करंट एकदा जाळ धरून बसला की आपोआप तुटत नाही. तरी सगळं समजून घ्या, कारण गच्चीवर उभं राहून प्रश्न विचारणारा मालक असला की काम वेगळंच होतं.

आधी लाइट बिल काढा

एका महिन्याचं नको, बारा महिन्यांचं युनिट काढा, बिलावरच ग्राफ असतो. मुंबईत १ किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात. मार्च ते मे जास्त, जुलै-ऑगस्टला ढगांमुळे निम्म्याच्या आसपास येतं, ऑक्टोबरपासून परत वर. म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिट धरा. तुमचा वापर तेवढा असेल तर ३ किलोवॅट बरोबर, दीडशेच असेल तर दीड-दोन किलोवॅट पुरे.

आपल्याकडे घरगुती दर स्लॅबमध्ये आहेत, १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्याच्या वर, आणि वरच्या स्लॅबचं युनिट महाग. सोलर आधी वरचीच महाग युनिटं खातं. त्यामुळे एसी चालवणाऱ्या ४००-५०० युनिटवाल्या घराला पैसे लवकर वसूल होतात आणि ९०-१०० युनिटवाल्या घराला फार वेळ लागतो, अशा घराने घाई करायचं काही कारण नाही. फिक्स्ड चार्ज मात्र कोणाचाच सुटत नाही, त्यामुळे 'बिल झिरो' सांगणाऱ्याला तिथेच थांबवा.

खर्च म्हणाल तर ३ किलोवॅटला साधारण दीड ते दोन लाख, उंच स्ट्रक्चर घेतलं तर वर जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अशी जास्तीत जास्त ७८,००० रुपये सबसिडी आहे, त्याच्या वर कितीही मोठी सिस्टिम लावा, आकडा तोच. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याचे लाइट अशा कॉमन मीटरला किलोवॅटमागे १८,००० मिळतात. सबसिडीसाठी पॅनेल डीसीआर लागतं, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं, ते नॉन-डीसीआरपेक्षा महाग असतं. कोटेशनमध्ये डीसीआर लिहिलंय का ते आधी बघा, नाहीतर स्वस्त दिसलेलं कोटेशन शेवटी महागच पडतं. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुन्या टक्क्याने काढलेलं कोटेशन असेल तर बदलून घ्या.

कागद

लाइट बिल कोणाच्या नावावर आहे हे बघा. आपल्याकडे कितीतरी घरांत अजून वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावाने बिल येतं, ते वारून वर्षं झाली तरी. अर्ज, बँक खातं आणि बिल यांचं नाव जुळायला हवं, म्हणून नाव बदलायचं काम आधी करून घ्या, ते झालं की बाकी सगळं सरळ जातं.

वीज कंपनी कोणती तेही महत्त्वाचं. शहरात माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी, टाटा पॉवरचे ग्राहक दोन्हीकडे, आणि मुलुंड-भांडुपपासून पुढे ठाणे-नवी मुंबई महावितरण. अर्ज पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकूनच करायचा, तिथे तुमची कंपनी निवडायची आणि रजिस्टर्ड व्हेंडरच घ्यायचा. २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंत टेक्निकल फिजिबिलिटीच्या पाहणीची गरज राहिली नाही, अर्ज मंजूर झाल्यासारखाच धरतात.

सोसायटीत गच्ची ही सगळ्यांची असते, वरच्या मजल्यावर राहता म्हणून ती तुमची होत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, सेक्रेटरीने तोंडी 'लावा हो' म्हटलं ते पुढच्या कमिटीला माहीत नसतं. आणि बिल्डिंग ३० वर्षांच्या वर असेल तर महापालिकेच्या नियमाने स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, त्याच इंजिनियरकडून गच्चीवर सोलर चालेल का तेही लेखी घ्या.

सावली

एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचे फोटो काढा, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा सावली सगळ्यात लांब. मुंबई १९ अक्षांशावर आहे, २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम ४७ अंशांवर असतो, म्हणजे ३ मीटरची पाण्याची टाकी पावणेतीन मीटर सावली टाकते तीही उत्तरेकडे, आणि सकाळी नऊला ती सावली सात मीटरच्या वर जाते. म्हणून टाकी, लिफ्ट रूम, जिन्याची खोली हे सगळं पॅनेलच्या उत्तरेला राहील अशी मांडणी करा. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावरून जातो आणि मधल्या काळात उत्तरेकडे असतो, त्यामुळे तेव्हाचे फोटो बघून ठरवलं तर डिसेंबरमध्ये फसायला होतं.

एका स्ट्रिंगमधली, म्हणजे एका माळेतली, पॅनेलं सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेली असतात, एकावर डिश अँटेनाची सावली पडली तरी नुकसान नुसतं तेवढ्या भागापुरतं राहत नाही. सावली टळतच नसेल, शेजारी टॉवर आहे वगैरे, तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र चालवणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रो इन्व्हर्टर घ्या, जास्त पैसे जातात पण उपयोग होतो. शेजारचा प्लॉट रिडेव्हलपमेंटला गेलाय का याचीही चौकशी करून ठेवा, उद्या तिथे वीस माळे उभे राहिले तर सगळा हिशेबच बदलतो.

जागा किलोवॅटला १०० चौरस फूट धरा. तोंड दक्षिणेला, तिरकेपणा १५ अंशांच्या आसपास. १० च्या खाली नेऊ नका, धूळ खालच्या कडेला साचून बसते, आणि २० च्या वर न्यायची गरज नाही कारण वारा जास्त धरतो. मागेपुढे दोन रांगा असतील तर मध्ये पाऊण ते एक मीटर जागा सोडा, सावलीसाठीही आणि धुवायला माणूस जायला हवा म्हणूनही.

स्ट्रक्चर, इथेच सगळं आहे

मुंबईसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा कुलाब्याला शंभरच्या वर झोत मोजले गेले, त्यामुळे हा आकडा पुस्तकी समजू नका. या वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला जवळपास ११८ किलो होतो. ५४० वॅटचं एक पॅनेल साधारण अडीच चौरस मीटर, म्हणजे एका पॅनेलवर ३०० किलो आणि सहा पॅनेलांवर पावणेदोन टनांच्या वर. बिल्डिंगची उंची, आजूबाजूच्या इमारती, पॅनेलचा कोन यावर हे कमीजास्त होतं, पण अंदाज येतो. आणि हे वजन खाली दाबत नाही, पॅनेलला पतंगासारखं वर उचलतं. आता फूटभर लांब-रुंद-उंच काँक्रीटचा ब्लॉक किती वजनाचा, ६५ किलोच्या आसपास. नुसते ब्लॉक ठेवून त्यावर पाय बोल्ट केलेलं स्ट्रक्चर किती भरवशाचं हे यावरून ठरवा.

मग बांधायचं कसं? आपल्या जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा असतो, चार-सहा इंच विटांचे तुकडे आणि मसाला, वर चायना मोझेक. त्या कोब्यात अँकर ठोकून काही उपयोग नाही, विटेचा चुरा पकड देत नाही, वर वॉटरप्रूफिंग फुटतं ते वेगळंच. योग्य पद्धत म्हणजे जिथे पाय येणार तिथे, शक्यतो खाली बीम किंवा कॉलम असेल तिथेच, कोबा चौकोनी कापून स्लॅबपर्यंत जायचं, केमिकल अँकरने, म्हणजे भोकात भरायच्या चिकट रसायनाने, सळया बसवायच्या, त्यावर एम-२० काँक्रीटचा पेडेस्टल, म्हणजे छोटा चौथरा, ओतायचा, आणि पेडेस्टलच्या चारही बाजूंनी वॉटरप्रूफिंगची गोलाई करून कोबा परत बंद करायचा. पेडेस्टल तयार झालेल्या पातळीच्या वर किमान सहा-आठ इंच हवा म्हणजे बेस प्लेट पाण्यात उभी राहत नाही. मग गच्चीचे पाइप बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खाली छताला ओल येते का बघा. हे स्ट्रक्चर उभं करायच्या आधी करायचं, नंतर गळती निघाली तर सगळं खोलावं लागतं.

हे काम ऑक्टोबर ते जानेवारीत करा. पाऊस नुकताच संपलेला असतो, गच्ची कुठे गळत होती ते ताजं आठवत असतं, आणि काँक्रीटला पाणी मारायला वेळ मिळतो. मे महिन्याच्या शेवटी घाईने सुरू केलेलं सिव्हिल काम पहिल्याच पावसात सापडतं.

लोखंडाबद्दल. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हवं, ८० मायक्रॉनचा थर. बाजारात प्री-गॅल्व्हनाइज्ड पाइप मिळतो, तो दिसायला चकचकीत आणि स्वस्त, पण त्यावरचा थर पातळ असतो आणि कापलेल्या टोकाला, वेल्डिंगच्या जागी तो राहतच नाही. वर्सोवा, वरळी, गोराई, कुलाबा असं समुद्राला लागून घर असेल तर दोन पावसाळ्यात तिथून तांबूस पाणी ओघळायला लागतं. म्हणून कोटेशनमध्ये 'साइटवर वेल्डिंग नाही, सगळं नट-बोल्टने' असं लिहून घ्या. एखादं भोक साइटवर पाडावंच लागलं तर त्याला झिंक असलेला कोल्ड गॅल्व्हनाइजिंग पेंट मारायचा. बोल्ट एसएस ३०४, समुद्राजवळ एसएस ३१६, वॉशर आणि स्प्रिंग वॉशरसकट. पॅनेलची फ्रेम अॅल्युमिनियम आणि खाली जीआय म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, दोघांच्या मध्ये खारं पाणी अडकलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये रबराची पट्टी द्या, किंमत नगण्य आहे.

उंची किती ठेवायची हा घरात वादाचा विषय होतो. सात-आठ फूट उंच केलं की खाली कपडे वाळत घालता येतात, पापड-मिरच्या वाळवता येतात, गच्ची वापरात राहते, पण वारा जास्त, लोखंड जास्त आणि खर्चही जास्त. जागा असेल तर मी कमी उंचीचंच सुचवेन, पुढून फूट-दीड फूट. उंच करायचंच असेल तर तिरके ब्रेसिंग हवंच आणि इंजिनियरकडून डिझाइन काढून घ्या. पावसाळी पत्र्याचं शेड असेल तर पत्र्याला नको, खालच्या पर्लिनला, म्हणजे पत्रा धरणाऱ्या आडव्या लोखंडाला, पकड द्या, स्क्रूला रबरी वॉशर. सिमेंटच्या पत्र्यावर आणि कौलांवर स्ट्रक्चरचा पाय ठेवायचा नाही, तिथे वेगळं स्ट्रक्चर उभं करावं लागतं.

पॅनेल चढवणं

एक पॅनेल २७-२८ किलोचं आणि सव्वादोन मीटर लांब, जिन्यातून नेताना दोन माणसं हवीत आणि काच भिंतीला घासू द्यायची नाही. वारा असेल त्या दिवशी काम थांबवा. कठड्याजवळ काम करणाऱ्याला सेफ्टी बेल्ट पाहिजेच, यात तडजोड नको. पॅनेलवर पाय ठेवून कोणी उभा राहिला तर तिथल्या तिथे उतरवा, वरून काही दिसत नाही पण आत सेलला बारीक तडे जातात आणि दोन वर्षांनी तिथे गरम डाग तयार होतो. क्लॅम्प पॅनेलच्या लांबीच्या साधारण पाव अंतरावर दोन्ही टोकांकडून, नेमकी जागा कंपनीच्या कागदावर असते. बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. बसवायच्या आधी प्रत्येक पॅनेलच्या मागच्या स्टिकरचा, सिरियल नंबरसकट, फोटो काढून ठेवा, अर्जालाही लागतो आणि वॉरंटीलाही.

डीसी वायरिंग

५४० वॅटच्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज साधारण ४९-५० असतं, करंट १३-१४ अँपियर. सहा पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, की ओपन सर्किटला ३०० व्होल्ट. मुंबईत थंडी अशी फार पडत नाही त्यामुळे सकाळचं व्होल्टेज धरलं तरी ३१० च्या आत राहतं, आणि मेच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की चालू व्होल्टेज २१५ पर्यंत उतरतं. पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलतो तो इन्व्हर्टर, त्याच्या कागदावर तो किती व्होल्टमध्ये काम करतो ती एमपीपीटी रेंज दिलेली असते, समजा ८० ते ५५० व्होल्ट, तुमचे दोन्ही आकडे त्यात बसले पाहिजेत. हा हिशेब व्हेंडरला तुमच्यासमोर करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पॅनेलला स्विच नसतो. ऊन आहे तोवर टोकांना व्होल्टेज आहे, आणि ३०० व्होल्ट डीसी जीव घेतं. चालू लोडवर एमसी फोर कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या केबल जोडायचा प्लग, ओढून काढायचा नाही, आधी एसी बाजूचा स्विच बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मग कनेक्टर.

केबल ४ स्क्वेअर एमएमची सोलर डीसी केबलच हवी, टिन केलेलं तांबं, वर यूव्ही सहन करणारं एक्सएलपीओ इन्सुलेशन, अंगावर १५०० व्होल्ट डीसी छापलेलं असतं. घरातली साधी पीव्हीसी वायर गच्चीवर उन्हात फुटते. प्लसला लाल, मायनसला काळी, आणि दोन्ही एकत्रच चालवा, वेगवेगळ्या बाजूने फिरवून मोठा वेढा केलात तर जवळ वीज पडली की त्या वेढ्यात व्होल्टेज तयार होतं.

कनेक्टर हीच ती जागा जिथे पाणी शिरतं आणि जळतं. एमसी फोर क्रिंपिंगच्या खास पक्कडनेच दाबायचा, साध्या पक्कडने दाबलेला सैल राहतो, सैल जॉइंट तापतो, तापला की प्लास्टिक वितळतं. दाबल्यावर ओढून बघा, मागचं नट पूर्ण आवळा, जोडताना टक आवाज आला पाहिजे. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडू नका, बसतात बरोबर पण पकड आणि सील जुळत नाही. आणि एकही कनेक्टर स्लॅबवर पडलेला नको, सगळे पॅनेलखाली रेलला बांधलेले. केबल डब्यात शिरताना खालून शिरवा आणि त्याआधी खाली एक झोळ ठेवा म्हणजे ओघळून आलेलं पाणी तिथेच टपकतं. भिंतीवरून यूव्ही पाइपमधून न्या, पाइपचं तोंड खालच्या दिशेला, आणि टोकं बंद, कारण उंदीर. मुंबईत उंदरांनी कुरतडलेली केबल हे फॉल्टचं नेहमीचं कारण आहे.

डीसीडीबी म्हणजे डीसीचा डबा, त्यात आयसोलेटर किंवा डीसी एमसीबी, फ्यूज आणि विजेच्या झटक्यापासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्शन. इथे दोन गोष्टी तपासा. एसीचा एमसीबी डीसीला लावलेला नको, तो जाळ तोडू शकत नाही. आणि बऱ्याच डीसी एमसीबींना प्लस-मायनसची दिशा असते, उलटा जोडला तर चालतो, पण तोडायची वेळ आली की पेटतो. वर छापलेली खूण बघून घ्या. डब्बा आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, असला तरी उघड्यावर नको, जिन्याच्या खोलीत भिंतीवर.

इन्व्हर्टर आणि एसी बाजू

इन्व्हर्टरही तिथेच, जिन्याच्या खोलीत, सावलीत, चारही बाजूंना हवा खेळेल असा. डीसी केबल चार मजले खाली नेण्यापेक्षा वरच एसी करून खाली आणणं मला जास्त सुरक्षित वाटतं. फक्त मग एसी केबल जाड घ्या. ३ किलोवॅटला १३ अँपियर होतात, मीटर रूम तळमजल्यावर आणि केबल ४० मीटर असेल तर ४ स्क्वेअर एमएममध्ये जवळपास ५ व्होल्ट जातात, ६ स्क्वेअर एमएममध्ये साडेतीनच्या आत. ५ व्होल्टने काय होतं असं वाटेल, पण दुपारी आधीच लाइनचं व्होल्टेज जास्त असेल तर इन्व्हर्टर आणखी वर ढकलायला जातो, मर्यादा ओलांडली की बंद पडतो, परत चालू होतो, परत बंद, आणि नेमका भर उन्हात. पातळ केबलमुळे होणारा हा त्रास लोक इन्व्हर्टर खराब आहे समजून वर्षभर भोगतात.

एसीडीबी म्हणजे एसी बाजूचा डबा, त्यात २० अँपियरचा डबल पोल एमसीबी आणि एसीचा सर्ज प्रोटेक्टर. करंट जमिनीत गळला की तोडणारा आरसीसीबी लावायचा असेल तर इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टाइपचा आणि रेटिंगचाच, घरातला नेहमीचा ३० मिलीअँपियरचा पावसात उगाच पडत राहतो.

बॅटरी हवी का, हे सगळे विचारतात. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेले की बंद होतो, तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरून शॉक बसेल. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली तेव्हा ऑन-ग्रिड सोलरवाल्या घरांतही अंधारच होता. पण असे दिवस आपल्याकडे विरळा, त्यासाठी हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर, आणि बॅटरीचा खर्च करू नका. वसई-विरारकडे लाइट वरचेवर जात असतील किंवा घरात ऑक्सिजन मशीनवर कोणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जरूर घ्या.

अर्थिंग

तीन वेगळे खड्डे. एक स्ट्रक्चर, पॅनेल फ्रेम आणि डीसी सर्जचा, दुसरा इन्व्हर्टर आणि एसी बाजूचा, तिसरा लाइटनिंग अरेस्टरचा, म्हणजे पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. प्रत्येकाचं रीडिंग ५ ओमच्या आत हवं आणि ते तुमच्यासमोर अर्थ टेस्टरने मोजून हवं. पावसाळ्यात ओल्या जमिनीत रीडिंग छान येतंच, खरं समजतं ते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा एकदा परत मोजा. भरावाच्या जागेवर, म्हणजे अर्ध्या मुंबईत, जमिनीतलं खारं पाणी साधा जीआय पाइप खातं, म्हणून कॉपर बाँडेड रॉड आणि सोबत बॅकफिल कंपाउंड. अरेस्टर पॅनेलच्या उत्तरेला उभा करा, सावली पडत नाही. त्याची पट्टी भिंतीवरून सरळ खाली, वळणं कमी, आणि डीसी केबलपासून लांब. कुठल्यातरी पाण्याच्या पाइपला वायर बांधून 'अर्थिंग झालं' म्हणणाऱ्याचे पैसे थांबवा.

चालू करायच्या आधी

सगळे स्विच बंद ठेवून दुपारच्या उन्हात स्ट्रिंगचं व्होल्टेज मोजा, सहा पॅनेलांना २७० ते २९० च्या मध्ये यायला हवं. ५० कमी आलं तर एक पॅनेल जोडलेलं नाही, शंभर कमी आलं तर एखादं उलटं जोडलंय. मीटरवर मायनस चिन्ह आलं तर प्लस-मायनस उलटं. मग प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ मोजा, आकडा हळूहळू शून्याकडे उतरला तर ठीक, एका ठिकाणी स्थिर राहिला तर कुठेतरी केबल सोललेली आहे आणि ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. मेगर टेस्ट, म्हणजे केबलच्या इन्सुलेशनची तपासणी, १ मेगाओमच्या वर. मग आधी डीसी, मग एसी, इन्व्हर्टरमध्ये ग्रिडसाठी भारत निवडलेलं आहे का बघा, मिनिटभरात तो लाइनला जुळतो.

आणि टेस्ट झाली की बंद करून ठेवा. नेट मीटर लागायच्या आधी सिस्टिम चालू ठेवली तर जुना मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतो, फुकट बिल वाढतं.

नेट मीटर आणि पहिलं बिल

काम झालं की व्हेंडर पोर्टलवर माहिती आणि फोटो टाकतो, वीज कंपनीचा माणूस येऊन बघतो, मीटर बदलतो, कमिशनिंग रिपोर्ट निघाला की बँकेची माहिती भरायची आणि सबसिडी थेट खात्यात येते. व्हेंडरचा शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा, हे कोटेशनवरच लिहून घ्यायचं.

दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते ती रात्रीच्या वापरातून वजा होते, उरलेली पुढच्या महिन्यात. हिशेब ३१ मार्चला बंद होतो, त्यानंतर उरलेल्या युनिटांना कमी दर मिळतो. आपल्याकडे हे तसं सोयीचंच आहे, एप्रिल-मेची जमा युनिटं जुलै-ऑगस्टमध्ये कामाला येतात.

देखभाल फार नाही पण टाळू नका. कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात आणि विष्ठा काचेवर, म्हणून सुरुवातीलाच कडेने जाळी मारून घ्या, नंतर पिल्लं असली की जाळी मारवत नाही. महिन्यातून दोनदा सकाळी ऊन चढायच्या आत मऊ फडक्याने धुवा, जवळ मेट्रोचं नाहीतर बिल्डिंगचं काम चालू असेल तर दर आठवड्याला. महापालिकेचं तलावाचं पाणी चालतं, बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. मेमध्ये सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, गंजाचा ठिपका दिसला तर तेव्हाच घासून झिंक पेंट मारा.

पहिलं बिल आलं की इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही आकडे शोधा. इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये महिन्याचं एकूण उत्पादन असतं, त्यातून एक्स्पोर्ट वजा केलं की घरात थेट वापरलेलं निघतं, त्यात इम्पोर्ट मिळवला की तुमचा खरा वापर, आणि तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळपास यायला हवा. एक्स्पोर्टच्या जागी शून्य दिसलं तर मीटर रीडिंग नेटच्या पद्धतीने घेतलेलंच नाही, अशा वेळी मीटरच्या डिस्प्लेचे फोटो काढून त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या, तीन-चार बिलं साचल्यावर तो हिशेब सोडवून घ्यायला फार हेलपाटे पडतात.